प्रतीक्षायादीचा खर्च कोण सोसतो?

दहावी-बारावीचे निकाल लागून गेलेले असतात, पेढे वाटून झालेले असतात, 'आता पुढे काय?' असे शेजारीपाजारी विचारून गेलेले असतात. आणि त्या प्रश्नाला द्यावे असे उत्तर घरात कोणापाशीच नसते. जून-जुलै या दोन महिन्यांत महाराष्ट्रातील असंख्य घरांची ही स्थिती असते. मुलगी नापास झालेली नसते. तिला प्रवेश नाकारलेलाही नसतो आणि मिळालेलाही नसतो. तिचे नाव यादीत असते. परंतु ती यादी प्रतीक्षायादी असते. अशा घरात गावाला जाण्याचा बेत पुढे ढकलला जातो, फोन कोणी फार वेळ गुंतवून ठेवीत नाही, आणि सकाळ-संध्याकाळ महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडून पाहणे हा नित्यनेम होऊन बसतो.

प्रवेशांविषयी आपल्याकडे चर्चा कमी होते असे नाही. गुणांची खिरापत, आरक्षण, देणग्या, नव्वदीच्या पलीकडे गेलेली कट-ऑफ, खासगी शिकवण्या यांवर दरवर्षी रकानेच्या रकाने भरतात. प्रतीक्षेविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. पाऊस लांबावा तशी ती लांबली, एवढेच म्हटले जाते. जणू थांबणे हा ऋतुमानाचाच भाग आहे. वास्तविक प्रतीक्षायादी ही निसर्गाची करणी नव्हे. ती कोणीतरी, कोणाच्या तरी सोयीसाठी केलेली व्यवस्था आहे. व्यवस्था म्हटली की तिला खर्च येतो, आणि खर्च आला की तो कोणाच्या खात्यावर पडतो हे पाहणे भाग पडते.

प्रथम महाविद्यालयाची बाजू पाहू. वर्गातील जागा ही साठवून ठेवता येणारी वस्तू नाही. धान्याचे पोते यंदा विकले गेले नाही तर पुढच्या हंगामापर्यंत वखारीत राहू शकते, एस.टी.च्या गाडीतील रिकामे आसन मात्र गाडी सुटताच वाया जाते. वर्गातील रिकामी जागा या दुसऱ्या जातीची आहे. ती एकदा रिकामी राहिली की पदवीच्या तिन्ही किंवा चारही वर्षांत बहुधा रिकामीच राहते. समजा, एखाद्या तुकडीची मंजूर प्रवेशक्षमता साठ आहे. ज्या साठ विद्यार्थ्यांना बोलावले ते सगळेच येणार नाहीत हे प्राचार्यांना अनुभवाने ठाऊक असते. काही अभियांत्रिकीला जातील, काही वैद्यकीयच्या फेरीकडे डोळे लावून बसतील, काही दुसऱ्या शहरात जातील. मग आरंभीच पंचाहत्तर जणांना बोलवावे काय? ते सगळेच आले तर मंजूर क्षमतेचा भंग होतो आणि विद्यापीठाशी पत्रव्यवहार करण्यात वर्ष जाते. म्हणून साठांना आत घ्यायचे आणि पुढच्या चाळीस-पन्नास जणांना दाराशी उभे ठेवायचे. एक गेला की एक आत.

यात गैर काही नाही. जागा वाया जाऊ नये ही इच्छा रास्तच म्हटली पाहिजे. परंतु अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर प्रतीक्षायादी हा महाविद्यालयाने रिकाम्या जागेच्या धोक्याविरुद्ध उतरवलेला विमा आहे. विम्याला हप्ता असतो. या विम्याचे वैशिष्ट्य असे, की ज्याचा धोका टळतो तो एक पैही भरीत नाही. हप्ता भरतात ती दाराशी उभी असलेली माणसे. आणि हा हप्ता कोणत्याही पावतीवर छापलेला नसल्यामुळे तो भरला जात आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा हप्ता कसा भरला जातो हे समजण्यासाठी एखाद्या तालुक्याच्या गावी पंचायत समितीत नोकरी करणाऱ्या कारकुनाचे घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगी बारावी शास्त्र शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. तिला संख्याशास्त्र घेऊन पदवी करावयाची आहे, आणि तो विषय मोठ्या शहरातल्या एका नामांकित स्वायत्त महाविद्यालयात उत्तम शिकवला जातो अशी माहिती तिच्या शिक्षकांनी दिली आहे. तेथील प्रतीक्षायादीत तिचे नाव तेविसावे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला आहे. पण तेथे शुक्रवारी सायंकाळपर्यंत शुल्क भरून मूळ कागदपत्रे जमा केली नाहीत तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाईल. तेविसावा क्रमांक शुक्रवारपर्यंत वर येईल का? गेल्या वर्षी कितव्या क्रमांकापर्यंत बोलावले होते? वडील अर्ध्या दिवसाची रजा टाकून शहरात जातात. खिडकीतला लिपिक सौजन्याने सांगतो, "साहेब, अजून वरून काही आलेले नाही. दोन दिवसांनी या." तो खोटे बोलत नसतो. त्यालाही खरोखरच काही माहीत नसते.

शुक्रवारी जिल्ह्याच्या महाविद्यालयात शुल्क भरले जाते. भरले नसते तर मुलगी दोन्हीकडून गेली असती, तेव्हा हा निर्णय शहाणपणाचाच. शुल्काबरोबर शाळा सोडल्याचा दाखला जमा होतो, आणि येथे खरी अडचण सुरू होते. गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती कितीही काढता येतात. दाखला मात्र मूळ आणि एकच. तो एका महाविद्यालयाच्या लोखंडी कपाटात गेला की विद्यार्थी त्या कपाटाशी बांधला जातो. पुढल्या बुधवारी शहरातून फोन येतो, "तुमचा नंबर लागला आहे. उद्या दुपारपर्यंत मूळ दाखला आणि शुल्क घेऊन हजर राहा." एका रात्रीत जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज देऊन, प्राचार्यांची सही घेऊन, दाखला सोडवून, पहिले शुल्क परत मिळण्याच्या आशेवर दुसरे शुल्क उभे करून शहर गाठावयाचे असते. प्राचार्य त्या दिवशी विद्यापीठाच्या बैठकीला गेलेले असतात. ते असणारच; जुलैत विद्यापीठाच्या बैठका फार.

तेव्हा हप्त्याची मोजदाद अशी होते: एकाच वेळी दोन शुल्कांची सोय, त्यांपैकी एक पतपेढीतून काढलेले, तीन-चार रजा, तेवढ्याच खेपांचे एस.टी.चे भाडे, वसतिगृहाची मुदत टळून गेल्यामुळे शहरात खासगी खोलीची अनामत रक्कम, आणि वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर आल्यामुळे बुडालेले तास. यांपैकी एकही रक्कम महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेतील शुल्काच्या कोष्टकात नसते. शिक्षण स्वस्त की महाग हा वाद आपण त्या कोष्टकावरून घालतो.

हाच प्रसंग शहरातल्या सुस्थितीतील घरात कसा घडतो ते पाहण्यासारखे आहे. तेथे दोन काय, तीन ठिकाणी शुल्क भरून ठेवता येते. बुडालेच तर बुडू द्यावे, अशी तयारी असते. महाविद्यालय घरापासून दोन-चार कोसांवर असते, आणि निरोप आल्यावर तासाभरात पोचता येते. शिवाय या घराला प्रतीक्षायादी टाळण्याचाही एक मार्ग खुला असतो. खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत वीस टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचे दार उघडले आणि पुढे चारच वर्षांनी, १९८७ मध्ये, देणगी घेण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला, यातच त्या दाराने कोण आत येत होते याचे उत्तर आहे. त्या धोरणामुळे जागा वाढल्या हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने पैसा द्यावा आणि ज्याच्यापाशी नाही त्याने वेळ द्यावा, अशी विभागणीही तेव्हापासून रुळत गेली. वेळ हा सर्वांना दिवसाचे चोवीस तास सारखाच मिळतो, असे वरवर वाटते. रोजंदारीवरच्या बापाचा एक दिवस आणि व्यावसायिकाचा एक दिवस यांची किंमत त्यांच्या त्यांच्या घरात मात्र सारखी नसते. प्रतीक्षा हा एक प्रकारचा कर मानला तर, उत्पन्न जितके कमी तितका त्याचा दर चढा, असा हा उलटा कर आहे.

यात आणखी एक पेच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या वर्षापासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ केले. निर्णय निःसंशय स्वागतार्ह आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना मिळते. व्यवस्थापन कोट्यातून घेणाऱ्यांना नाही. नियम योग्यच आहे, कारण एरवी कोट्याचा धंदा सरकारी पैशावर चालला असता. पण त्यामुळे या मुलींना थांबण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कंटाळून, घाबरून किंवा कोणा नातेवाइकाच्या आग्रहाने बाहेरची जागा घेतली की सवलत गेली. ज्या घराला थांबणे सर्वांत कमी परवडते त्याच घराला सर्वांत अधिक काळ थांबावे लागते.

विद्यार्थ्याच्या या कोंडीचा विचार शास्त्रज्ञांनी केलेला नाही असे मात्र नाही. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली या दोन अमेरिकी गणितज्ञांनी 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या नियतकालिकात महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहांचे स्थैर्य या दोहोंना एकत्र गुंफणारा एक छोटा निबंध लिहिला. त्याच्या पहिल्याच पानांत त्यांनी प्रतीक्षायादीची अडचण मांडली आहे. एका महाविद्यालयाने विद्यार्थ्याला बोलावले आहे, अधिक आवडत्या महाविद्यालयाने प्रतीक्षायादीत ठेवले आहे. अशा वेळी त्याने हातची जागा घ्यावी की धोका पत्करावा? आणि घेतली, नंतर सोडून दिली, तर ते नीतीला धरून होईल काय? पंचायत समितीतल्या कारकुनाच्या घरात शुक्रवारी रात्री जे बोलणे होते, तेच हे. गणिताच्या नियतकालिकात नीतीचा प्रश्न सहसा येत नाही, एवढाच फरक.

त्यांनी सुचवलेला उपाय सोपा होता, आणि म्हणूनच टिकला. विद्यार्थ्याने आपला पसंतीक्रम एकदाच, मनापासून लिहून द्यावा. प्रत्येक जण प्रथम आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. महाविद्यालय आपल्या क्षमतेइतके अर्ज तात्पुरते धरून ठेवते, उरलेल्यांना नकार देते. नाकारलेले दुसऱ्या पसंतीकडे जातात. तेथे त्यांच्यापेक्षा कमी गुणांचा कोणी धरलेला असेल तर तो सुटतो आणि पुढे जातो. नवे नकार थांबेपर्यंत हे चालते, आणि मगच सर्व प्रवेश एकदम पक्के होतात. कोणाचाही प्रवेश शेवटपर्यंत अंतिम नसतो, यातच युक्ती आहे. दाराशी उभे राहण्याचे, आत जाण्याचे, बाहेर पडण्याचे सारे काम कागदावर होते. माणसाला हलावे लागत नाही. आज संगणकाला हे काम करण्यास फार वेळ लागत नाही. अॅल्विन रॉथ यांनी ही पद्धत व्यवहारात कशी उतरते याचा अभ्यास केला, आणि २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक शेपली व रॉथ यांना मिळाले. गेल त्यापूर्वी, २००८ मध्ये, वारले होते.

भारतातही ही कल्पना पोचली आहे. आय.आय.टी. आणि एन.आय.टी. यांचे प्रवेश २०१५ पर्यंत वेगवेगळे होत. एकच विद्यार्थी दोन्हीकडे जागा अडवून बसे, मग एक सोडून देई, आणि सुटलेली जागा पुष्कळदा रिकामी जाई. २०१५ पासून दोहोंची यादी एकत्र लागू लागली. अकरावीच्या बाबतीत मुंबई महानगर क्षेत्राने २००९ सालीच ऑनलाइन केंद्रीय प्रवेश स्वीकारले होते. त्याआधी पालक एकेका महाविद्यालयाचा अर्ज विकत घेऊन रांगा लावीत आणि फळ्यावर चिकटवलेल्या याद्यांतून बोट फिरवीत नाव शोधीत. पुढे पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती ही शहरे त्या पद्धतीत आली, आणि २०२५-२६ या वर्षापासून ती सबंध राज्याला लागू झाली.

मग थांबणे संपले का? २०२५ साली दहावीचा निकाल नेहमीपेक्षा लवकर, १३ मे रोजी लागला. वर्ग लवकर सुरू व्हावेत हा हेतू होता. नोंदणीच्या आरंभीच संकेतस्थळ कोलमडले, वेळापत्रक एकदा नव्हे अनेकदा बदलले, आणि पहिली नियमित गुणवत्ता यादी २८ जून रोजी लागली. निकालाने वाचवलेले दिवस यादीने खाऊन टाकले. त्याआधी २०२० मध्ये तर ९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली आणि अकरावीची दुसरी यादी तोंडावर येऊन अडकली. कित्येक आठवडे मुलांना काहीच कळेना. न्यायालयाने काय करावे हा येथे प्रश्न नाही. राज्य, न्यायालय, मंडळ, संस्था यांच्यापैकी कोणाचेही काम लांबले तरी लांबलेले दिवस शेवटी एकाच खात्यावर जमा होतात, एवढे यावरून दिसते.

संगणक आला तरी थांबणे का संपत नाही याचे एक कारण तांत्रिक आहे. गेल आणि शेपली यांच्या पद्धतीत सर्व दारे एकाच चौकात यावी लागतात. आपल्याकडे अभियांत्रिकीची फेरी वेगळी, वैद्यकीयची वेगळी, केंद्रीय संस्थांची वेगळी, खासगी विद्यापीठांची वेगळी आणि कला, वाणिज्य, विज्ञान पदवीची तर बहुतेक ठिकाणी महाविद्यालयागणिक वेगळी. प्रत्येक चौकात व्यवस्था उत्तम असली तरी एका चौकातून सुटलेली जागा दुसऱ्या चौकात कळेपर्यंत ऑगस्ट उजाडतो. वैद्यकीयच्या यादीत नाव लागलेला मुलगा अभियांत्रिकीची जागा सोडतो, ती मिळालेला विज्ञान पदवीची जागा सोडतो, आणि या साखळीच्या शेवटच्या कडीवर संख्याशास्त्राच्या यादीतली ती तेविसावी मुलगी असते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. २०२५ च्या अकरावी प्रवेशात राज्यभर एकवीस लाखांहून अधिक जागा होत्या आणि सर्व फेऱ्या आटोपल्यावर आठ लाखांहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या. जागांचा असा सुकाळ असताना प्रतीक्षेचा दुष्काळ कसा, असे कोणालाही वाटेल. उत्तर उघड आहे. कोणी जागेसाठी थांबलेले नाही. ठरावीक महाविद्यालयातल्या ठरावीक जागेसाठी सारे थांबले आहेत. अनुदानित महाविद्यालयाचे शुल्क कमी आहे, आणि ते कमीच असावे. पण ज्या वस्तूची टंचाई आहे आणि जिची किंमत वाढू दिली जात नाही, ती वस्तू रांगेत वाटली जाते, हे रेशनच्या दुकानापुढे उभ्या राहिलेल्या पिढीला कोणी शिकवायला नको. येथे टंचाई आहे ती शिक्षक भरलेले आहेत, प्रयोगशाळा चालू आहे, ग्रंथपाल जागेवर आहे अशा महाविद्यालयांची. तालुक्याच्या महाविद्यालयात निम्मे अध्यापक तासिका तत्त्वावर असतील तर तेथे जागा रिकामी राहणे आणि शहरातल्या महाविद्यालयाची यादी लांबणे या दोन घटना नव्हेत.

जागा वाया जाण्याचे टोक वैद्यकीय शिक्षणात पाहावयास मिळते. नीट-पदव्युत्तर २०२१ च्या प्रवेशफेऱ्या संपल्यावर १,४५६ जागा रिकाम्या होत्या. त्या भरण्यासाठी आणखी एक विशेष फेरी घ्यावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये फेटाळली. फेऱ्यांना कोठेतरी अंत असला पाहिजे, अध्यापन सुरू झाल्यावर इतक्या उशिरा प्रवेश देता येणार नाहीत, असा त्यामागील आशय होता. डॉक्टरांची गरज असलेल्या देशात चौदाशे जागा वाया जाव्यात हे दुःखदच. पण शेवटची तारीख नसलेली प्रतीक्षा हा त्यावरचा उपाय नव्हे, हे न्यायालयाचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे.

महाविद्यालयांचा दर्जा वाढवणे हे दीर्घ पल्ल्याचे काम आहे आणि ते येत्या जूनपर्यंत होणार नाही. तोवर निदान थांबणाऱ्याला, आपण कोठे उभे आहोत, हे तरी कळावे की नाही? या देशात प्रतीक्षायादीचा सर्वांत मोठा अनुभव रेल्वेला आहे. रेल्वेवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. तथापि तिच्या प्रतीक्षायादीत प्रवाशाला क्रमांक मिळतो, तो रोज किती पुढे सरकला हे पाहता येते, गाडी सुटण्यापूर्वी तक्ता लागतो आणि तक्त्यात नाव आले नाही तर ऑनलाइन काढलेल्या तिकिटाचे पैसे अर्ज न करता, थोडी वजावट होऊन, परत खात्यावर येतात. नागपूरला लग्नाला जाणाऱ्या कारकुनाला आपल्या तिकिटाबद्दल जेवढी माहिती मिळते, तेवढी त्याच्या मुलीला तिच्या पदवीबद्दल मिळत नाही. केंद्रीभूत प्रक्रियेतील अभ्यासक्रमांसाठी राज्याचा सी.ई.टी. कक्ष मागील वर्षांची महाविद्यालयनिहाय, प्रवर्गनिहाय कट-ऑफ प्रसिद्ध करतो, हे येथे नमूद केले पाहिजे. पदवी महाविद्यालयाच्या प्रतीक्षायादीत मात्र गेल्या वर्षी कितव्या क्रमांकापर्यंत बोलावले होते, ही साधी संख्या बहुतेक माहितीपुस्तिकांत सापडत नाही. ती कार्यालयातील प्रवेश-नोंदवहीत असते.

शुल्क आणि मूळ कागदपत्रे यांविषयी नियम नाहीत असे कोणी समजू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच उच्च शिक्षणसंस्थांना बजावले आहे, की मूळ प्रमाणपत्रे पडताळून तत्काळ परत करावीत, ती अडकवून ठेवू नयेत. २०२४-२५ या वर्षासाठी आयोगाने ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यास संपूर्ण शुल्क, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द करणाऱ्यास फार तर एक हजार रुपये कापून बाकीचे शुल्क परत करण्यास सांगितले होते. कागदावर याहून अधिक काय हवे? परंतु दिल्लीहून निघालेले परिपत्रक आणि तालुक्याच्या खिडकीतली वागणूक यांच्यात बरेच अंतर असते. 'परतावा मिळेल, पण संस्थेच्या सभेत मंजूर झाल्यावर', 'दाखला मिळेल, पण वर्षाचे शुल्क भरून' ही वाक्ये ऐकलेले पालक शोधण्यास लांब जावे लागत नाही. शिवाय आयोगाची ही सूचना कनिष्ठ महाविद्यालयांना लागू नाही, त्यामुळे अकरावीच्या विद्यार्थ्याला तिचाही आधार नाही.

खिडकीच्या आतल्या बाजूचेही काही म्हणणे आहे, आणि ते केवळ लोभाचे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या विनाअनुदानित तुकडीचा संसार विद्यार्थिसंख्येवर चालतो. शहरातली प्रतीक्षायादी सप्टेंबरपर्यंत हलत राहिली तर येथून एकेक मुलगा गळत जातो. जुलैत पन्नास असलेला वर्ग सप्टेंबरात पस्तीसवर येतो, प्रात्यक्षिकांच्या तुकड्या मोडाव्या लागतात, आणि गेलेल्यांच्या जागी कोणी येत नाही, कारण येणारा वर्ग कधीच अन्यत्र स्थिरावलेला असतो. तुकडी कमी झाली की तासिका कमी होतात, आणि तासिकेवर जगणाऱ्या तरुण अध्यापकाची दिवाळी अडचणीत येते. म्हणून प्राचार्य दाखला कपाटात ठेवतात. त्यांचे करणे नियमबाह्य आहे. त्यांची भीती मात्र खरी आहे. शहरातल्या महाविद्यालयाच्या विम्याचा हप्ता थांबणारा विद्यार्थी तर भरतोच, काही अंशी हे छोटे महाविद्यालयही भरते.

यास्तव केवळ परताव्याची मुदत लांबवून भागणार नाही. प्रतीक्षायाद्या एका ठरावीक दिवशी सर्वत्र बंद झाल्या पाहिजेत. अमेरिकेत १ मे ही विद्यार्थ्याने आपला निर्णय कळवण्याची रूढ तारीख आहे. तेथील व्यवस्था निर्दोष नाही. त्या तारखेनंतरही प्रतीक्षायाद्या हलतात. पण एक तारीख सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. महाराष्ट्रात अकृषी विद्यापीठे, सी.ई.टी. कक्ष आणि उच्च शिक्षण संचालनालय यांनी मिळून अशी तारीख ठरवणे अशक्य नाही. सर्व अभ्यासक्रमांच्या फेऱ्या एका चौकात आणणे पुढच्या दहा वर्षांचे काम असेल. पण त्या एकामागोमाग एक सुटाव्यात, आधी वैद्यकीय, मग अभियांत्रिकी, मग पदवी, एवढी वेळापत्रकाची जुळणी करण्यास नवा कायदा लागत नाही. प्रतीक्षायादीवरील विद्यार्थ्याला हजर होण्यास पूर्ण तीन कामाचे दिवस मिळावेत. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यास एक दिवस पुरतो, सिरोंच्याहून निघणाऱ्यास पुरत नाही. आणि यादीच्या शेजारी गेल्या तीन वर्षांत किती क्रमांक वर आले हे छापावे. तेविसाव्या क्रमांकाच्या मुलीला गेल्या तीन वर्षांत अनुक्रमे सतरा, एकोणीस आणि पंधरा जणांनाच बोलावले होते असे कळले असते, तर तिने शुक्रवारी जिल्ह्याच्या महाविद्यालयात निश्चिंत मनाने प्रवेश घेतला असता. आणि तीस, चौतीस, अठ्ठावीस असे कळले असते तर वडिलांनी वसतिगृहाचा अर्ज आधीच भरला असता. दोन्ही परींनी पतपेढीची खेप वाचली असती.

या सूचनांना मुख्य विरोध होईल तो, 'आधीच वेळापत्रक जमत नाही, त्यात आणखी अटी कशाला?' असा. तो कार्यालयीन अनुभवाचा विरोध आहे आणि त्याला उत्तरही कार्यालयीनच आहे. असे परिपत्रक काढावयाचे तर ते फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावे लागेल, कारण माहितीपुस्तिका एप्रिलमध्ये तयार होतात. जूनमध्ये निघालेले परिपत्रक विद्यापीठातून महाविद्यालयात आणि महाविद्यालयातून खिडकीपर्यंत पोचते, तेव्हा तिसरी यादी लागून गेलेली असते.